रेघ ज्याची, गल्ला त्याचा?

व्यंगचित्रकलेचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा रेषेचाच इतिहास लिहिला जातो. कोणाची रेघ बोचरी होती, कोणत्या चित्राने कोणता राज्यकर्ता अस्वस्थ झाला, कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागली, या हकिकती आवडीने सांगितल्या जातात. त्या चित्राच्या प्रती कोणी छापल्या, त्या कोणाच्या दुकानात विकल्या गेल्या आणि संध्याकाळी गल्ला मोजायला कोण बसले, हे मात्र सहसा विचारले जात नाही. कलेच्या गोष्टीत पैशाची गोष्ट आणणे आपल्याला कमीपणाचे वाटते. आमचे म्हणणे असे आहे की, हा गल्ल्याचा इतिहास पाहिल्याशिवाय व्यंगचित्रकाराच्या स्वातंत्र्याचा इतिहास नीट कळतच नाही.

हा विषय काढण्यास निमित्तही आहे. २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाट येथे पहिले कॉमिक कॉन भरले. पुढे मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशा शहरांतही अशा जत्रा भरू लागल्या. तेथे मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटापासून जरा बाजूला लहान लहान टेबलांची एक रांग असते. टेबलामागे एखादा तरुण किंवा तरुणी असते. पुढ्यात स्वतः लिहिलेली, काढलेली आणि पदरच्या पैशाने छापून घेतलेली वीस-चोवीस पानांची कॉमिक्स, शेजारी स्टिकर, बिल्ले, पोस्टकार्डे, कापडी पिशव्या, एखाद-दुसरा टी-शर्ट. पुस्तकापेक्षा पिशवी आणि बिल्ला अधिक खपतो आणि त्यातून पुढच्या पुस्तकाच्या छपाईचा खर्च निघतो, असा हा हिशेब. आपल्या वडीलधाऱ्या लेखकमंडळींना हे नव्या पिढीचे फॅड वाटते. चित्रकाराने असे दुकान मांडून बसावे का, असा नापसंतीचा सूरही ऐकू येतो. वस्तुस्थिती अशी की, हे दुकान जवळजवळ तीनशे वर्षांचे जुने आहे.

त्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. विल्यम होगार्थ (१६९७-१७६४) हा लॅटिन शिकवणाऱ्या एका गरीब शिक्षकाचा मुलगा. बापाने कॉफीहाउस काढले, ते बुडाले आणि कर्ज फेडता न आल्याने तो फ्लीटच्या तुरुंगात गेला. मुलाचे बालपण त्या तुरुंगाच्या आसऱ्याने गेले. पुढे होगार्थ चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला राहिला आणि तेथे धातूवर रेघ कोरण्याचे कसब शिकला. १७२४ साली त्याने लंडनच्या नाटकी अभिरुचीची टर उडवणारे एक चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून स्वतःच छापले आणि एक शिलिंग किंमत ठेवली. चित्र गाजले. पण थोड्याच दिवसांत छापील चित्रांच्या दुकानदारांनी त्याच्या नकला करवून घेतल्या आणि निम्म्या किमतीत विकायला ठेवल्या. अस्सल चित्र घेऊन गेलेल्या होगार्थला हे दुकानदार देतील ती किंमत पत्करावी लागली, कारण बाजारात दुकाने त्यांचीच होती. रेघ आपली असूनही गल्ला दुसऱ्याचा असतो, हा धडा तो येथे शिकला.

आठ वर्षांनी त्याने दुकानदारांना वळसा घातला. गावाकडून लंडनला आलेल्या आणि वेश्याव्यवसायात ओढल्या गेलेल्या एका मुलीची कहाणी त्याने सहा चित्रांत रंगवली होती. एकामागून एक पाहत जावे अशी ही चित्रे. आजच्या कॉमिक्सची ती आजीच म्हणायला हरकत नाही. त्यांच्या छापील संचासाठी त्याने वर्गणी मागितली. संचाची किंमत एक गिनी. अर्धी रक्कम नाव नोंदवताना, उरलेली अर्धी चित्रे हाती आल्यावर. नाव नोंदवणाऱ्यास पावती म्हणून स्वतः कोरलेले एक छोटे चित्रच मिळे. १७३२ मध्ये बाराशेहून अधिक संच गेले आणि सगळी रक्कम चित्रकाराच्या हातात आली. आज छपाईआधीच वाचकांकडून पैसे गोळा करून पुस्तक काढले जाते, ती हीच रीत. आपल्याकडे आगाऊ सवलतीत कवितासंग्रह विकण्याची पद्धत आहे, तीही याच घराण्यातली.

पण नकला थांबल्या नाहीत. या सहा चित्रांच्या चोरट्या आवृत्त्या निघाल्या. एवढेच काय, ती बायकांच्या हातपंख्यांवर आणि कपबश्यांवरही उतरली. मर्चंडाइज हा शब्द आज नवा वाटतो, पण १७३२ च्या लंडनमध्ये हा माल विकला जात होता. फरक इतकाच की, त्यातला पैसा चित्रकाराला मिळत नव्हता. तेव्हा होगार्थने आणि काही सहकाऱ्यांनी संसदेकडे अर्ज केला. पुस्तकांना १७१० पासून कायद्याचे संरक्षण होते, कोरीव चित्रांना नव्हते. १७३५ साली नवा कायदा झाला. चित्र प्रसिद्ध झाल्यापासून चौदा वर्षे त्यावर निर्मात्याचा हक्क राहील, मात्र प्रत्येक पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली असली पाहिजे, असे ठरले. कायदा २४ जूनपासून लागू होणार होता. होगार्थने आपली पुढची आठ चित्रांची मालिका तयार असूनही मुद्दाम अडवून धरली आणि २५ जूनला बाजारात आणली.

तेवढ्यातही नकलाकारांनी एक युक्ती केलीच. मूळ चित्रे होगार्थच्या घरी पाहायला ठेवलेली असत. तेथे त्यांनी आपली माणसे गिऱ्हाईक म्हणून पाठवली. या माणसांनी डोळ्यांत जेवढे साठवता आले तेवढे साठवले आणि त्या आठवणीवरून ओबडधोबड नकला काढून त्या कायदा लागू होण्याआधीच विकल्या. होगार्थने यावरही तोड काढली. आपल्या परवानगीने त्याने या मालिकेची एक लहान, स्वस्त आवृत्ती अडीच शिलिंगांना काढवली. ज्याला दोन गिनी परवडत नाहीत त्याने चोराकडे जाण्यापेक्षा अस्सलच स्वस्तात घ्यावे, हा त्यातला विचार. १७५१ मध्ये दारूच्या व्यसनाविरुद्ध काढलेले त्याचे प्रसिद्ध चित्र तर त्याने मुद्दाम एक शिलिंगाला ठेवले, कारण ते ज्यांच्यासाठी होते त्यांच्या खिशाला दोन गिनी झेपणाऱ्या नव्हत्या. किंमत ठरवण्याचा अधिकार हातात असला की वाचक निवडण्याचा अधिकारही हातात येतो, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे.

या कथेत एका स्त्रीचे नाव सहसा गाळले जाते. होगार्थ १७६४ मध्ये वारला, तेव्हा मागे मोठी इस्टेट नव्हती. होते ते कोरलेले तांब्याचे पत्रे. त्याची पत्नी जेन हिने ते पत्रे विकले नाहीत. लेस्टर फील्ड्समधल्या त्याच घरातून ती पतीची चित्रे छापून विकत राहिली. १७६७ मध्ये संसदेने चित्रांवरील हक्काची मुदत अठ्ठावीस वर्षांची केली आणि त्याच कायद्यात जेन होगार्थला पतीच्या चित्रांवर आणखी वीस वर्षांचा खास हक्क दिला. ती १७८९ पर्यंत जगली. विधवेच्या पोटापाण्याची सोय नवऱ्याच्या रेघेतून झाली, ती त्याने पत्रे स्वतःकडे ठेवले होते म्हणून. विकून टाकले असते, तर तिला एखाद्या मदतनिधीच्या दारात उभे राहावे लागले असते. आपल्याकडील किती चित्रकारांच्या घरी हा अनुभव आला असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

लंडनचा कायदा लंडनपुरता होता. सरहद्द ओलांडली की चोरी ही चोरी राहत नसे. जिनीव्हातल्या रोदोल्फ टॉफर (१७९९-१८४६) याला याचा अनुभव आला. तो मुलांची निवासी शाळा चालवी आणि विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी चित्रांतून गमतीदार गोष्टी रचत असे. खाली मजकूर, वर चौकटींत चित्रे. जर्मन महाकवी गोएठेने त्याच्या वह्या पाहिल्या आणि त्या त्याला फार आवडल्या. मग १८३३ पासून टॉफरने त्या स्वतः छापायला घेतल्या. त्यासाठी त्याने शिळाप्रेसचा उपयोग केला. खास कागदावर तेलकट शाईने लिहायचे, काढायचे आणि ते सारे दगडावर उतरवायचे. कोरणारा कारागीर मध्ये लागत नाही. चित्रकाराच्या हाताचे वळण जसेच्या तसे छापले जाते. हीच शिळाछपाई आपल्या देशात उर्दूच्या कामी आली. नस्तालीक लिपीचे खिळे पाडणे अवघड होते, पण कातिबाने लिहिलेले पान दगडावर सहज उतरे. लखनौचे ‘अवध पंच’ हे उर्दू विनोदी साप्ताहिक मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ मध्ये सुरू केले आणि सुमारे पस्तीस वर्षे चालवले, ते याच छपाईच्या बळावर.

टॉफरची पुस्तके नावारूपाला येताच १८३९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रकाशनगृहाने त्यांच्या नकला काढल्या. जिनीव्हाच्या शिक्षकाने पॅरिसमध्ये दाद कोणाकडे मागायची? पुढे त्याची एक गोष्ट लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली आणि १८४२ मध्ये तेथे छापली गेली. अमेरिकेत छापलेले पहिले कॉमिक्स म्हणून तिचा उल्लेख होतो. देशादेशांमध्ये परस्परांच्या लेखक-कलावंतांचे हक्क मानण्याचा करार १८८६ साली झाला. तो स्वित्झर्लंडमधल्याच बर्न शहरी झाला, पण तोवर टॉफरला जाऊन चाळीस वर्षे लोटली होती.

कायदा असूनही हक्क कसा जातो, याचे उदाहरण त्याच अमेरिकेतले आहे. क्लीव्हलँड शहरात शिकणारी जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन ज्यू मुले. १९३३ मध्ये त्यांनी सायक्लोस्टाइल करून काढलेल्या स्वतःच्या अंकात ‘सुपरमॅन’ या नावाची एक गोष्ट छापली होती. त्या गोष्टीतला सुपरमॅन खलनायक होता. पुढे त्यांनी त्याचा नायक केला आणि हे पात्र घेऊन ते वर्षानुवर्षे संपादकांचे उंबरठे झिजवत राहिले. अखेर मार्च १९३८ मध्ये एका कंपनीने ते घेतले. तेरा पानांचे १३० डॉलर मिळाले आणि त्याबरोबर पात्रावरचे सारे हक्क कंपनीकडे गेले. त्यानंतर सुपरमॅनची कॉमिक्स, खेळणी, कपडे, चित्रपट यांवर किती पैसा झाला, हे सांगण्याची गरज नाही. दोघा मित्रांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हरले. म्हातारपणी ते आपली गाऱ्हाणी घेऊन वर्तमानपत्रांकडे गेले, तेव्हा लोकलाजेस्तव डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचे आणि निर्माते म्हणून त्यांचे नाव पुन्हा छापण्याचे कबूल झाले. जगात सर्वांत बलवान ठरलेल्या पात्राला आपल्या निर्मात्यांचे रक्षण करता आले नाही.

या दोन टोकांमध्ये तिसरा एक मार्ग आहे. एकट्याला दुकान झेपत नसेल, तर चारचौघांनी मिळून ते चालवायचे. त्याची एक मोठी परंपरा मुस्लिम जगात आहे आणि आपल्याकडे तिची माहिती फारशी नाही. ७ एप्रिल १९०६ रोजी रशियन साम्राज्यातल्या तिफलिस शहरातून (आजचे जॉर्जियातले तबिलिसी) ‘मुल्ला नसरुद्दीन’ हे आठ पानी सचित्र साप्ताहिक निघाले. भाषा अझरबैजानी. संपादक जलील मम्मदकुलीजादे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी उमर फाइक नेमानजादे यांनी एका व्यापारी मित्राच्या मदतीने आधी स्वतःचा छापखाना उभारला. छापखान्याचे नाव ‘गैरत’. मग त्यातून अंक निघाला. रंगीत शिळाछपाईची चित्रे ऑस्कर श्मर्लिंग आणि योसेफ रॉटर हे चित्रकार काढत. ढोंगी मुल्ला, लाचखाऊ अधिकारी, मुलींना शिकू न देणारे बाप, युरोपी साम्राज्यवादी, कोणीही त्यातून सुटले नाही. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही चित्र कळत होते. संपादकांना धमक्या आल्या, अंकावर बंदी आली, पण छापखाना स्वतःचा असल्याने चित्र नाकारणारा शेठ मध्ये नव्हता. मम्मदकुलीजादे यांच्या पत्नी हमीदा जावांशीर या जमीनदार घराण्यातल्या सुशिक्षित बाई. त्यांनीही या कामात पैसा घातला. जेन होगार्थच्या शेजारी त्यांचे नाव लिहिले पाहिजे. तिफलिस, तबरीज आणि बाकू असा प्रवास करत हा अंक, मध्ये खंड पडत, १९३१ पर्यंत निघत राहिला.

इस्तंबूलमध्ये तर हा मार्ग चित्रकारांनीच चोखाळला. तेथे १९७२ मध्ये ओउझ आरालने सुरू केलेले ‘गिरगिर’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक प्रचंड खपले. त्याच्या कचेरीत नवख्या मुलांची चित्रे तपासून दिली जात, त्यातून एक अख्खी पिढी तयार झाली. १९८९ मध्ये मालकाने अंक विकून टाकला, तेव्हा चित्रकारांना न विचारता विकला. चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी दुसरा अंक काढला. तेव्हापासून तुर्कस्तानात ही रीतच पडली. मालकाशी पटले नाही की चित्रकारांनी उठायचे आणि स्वतःच्या मालकीचा अंक काढायचा. १९९१ चे ‘लेमान’, २००२ चे ‘पेंग्विन’, २००७ चे ‘उयकुसुझ’ हे सारे असेच जन्मले. ‘लेमान’वाल्यांनी आपल्या नावाची उपाहारगृहेही काढली. तेथे भिंतीवर व्यंगचित्रे आणि टेबलावर चहा. २००५ मध्ये पंतप्रधान एर्दोआन यांनी एका चित्रकाराला आपल्याला मांजर दाखवल्याबद्दल कोर्टात खेचले. त्यावर ‘पेंग्विन’ने मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा लावलेले आणखी कितीतरी प्राणी छापले. त्यांच्यावरही दावा झाला, तो २००६ मध्ये फेटाळला गेला. नोकरीतल्या चित्रकारांना असे मुखपृष्ठ छापता आले असते का, याची आम्हाला शंका आहे. मात्र हेही सांगितले पाहिजे की, जे सत्तेला जमले नाही ते काळाला जमले. छापील अंकाचा वाचक घटत गेला आणि २०१७ मध्ये ‘पेंग्विन’ बंद झाले.

महाराष्ट्रातही चित्रकाराच्या मालकीच्या अंकाचे उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बाळ ठाकरे यांनी इंग्रजी दैनिकातली नोकरी सोडून बंधू श्रीकांत ठाकरे यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. रेषा कसलेली होती, अंक स्वतःचा होता, वाचक भरपूर होता. त्याच अंकातून कंपन्यांमधल्या परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या आणि १९६६ मध्ये त्यातून शिवसेना उभी राहिली. पुढचा इतिहास या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आमचा मुद्दा एवढाच की, छापखाना आणि गल्ला हातात आल्याने रेघ मोकळी होते, न्यायी होतेच असे नाही. नोकरी करणाऱ्याला ‘मालकाने काढायला लावले’ असे म्हणता येते. स्वतःच मालक असलेल्याला ही पळवाट नाही. मालकीबरोबर जबाबदारीही संपूर्ण आपल्याच खात्यावर जमा होते.

आपल्याकडच्या स्वतंत्र कॉमिक्सची गोष्ट एका वेगळ्या टोकापासून सुरू होते. १९९० मध्ये ओरिजित सेन आणि गुरप्रीत सिद्धू यांनी दिल्लीच्या कनॉट प्लेसमध्ये ‘पीपल ट्री’ नावाचे छोटे दुकान उघडले. हाताने छापलेले टी-शर्ट, कपडे, पोस्टर, पुस्तके असा त्यातला माल. १९९४ मध्ये सेन यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ हे इंग्रजी चित्रपुस्तक ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी संस्थेने छापले. विषय नर्मदा खोऱ्यातले धरण आणि त्याने उठवलेले आदिवासी. या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आपल्या महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली हे गाव पहिल्या काहींपैकी एक. भारतातले पहिले ग्राफिक कादंबरीवजा पुस्तक म्हणून आज त्याचा गौरव होतो, पण तेव्हा त्याला मोठा प्रकाशक मिळण्यासारखी परिस्थितीच नव्हती. थोड्या प्रती छापल्या, त्या संपल्या आणि पुढे कितीतरी वर्षे पुस्तक मिळेनासे झाले. २०२२ मध्ये चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने ते पुन्हा छापले. या मधल्या काळात सेन यांचे दुकान चालू होते. पुस्तकाने चित्रकाराला नाव दिले आणि कपड्याने त्याला तगवले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

त्याच कपड्यावर पुढे डल्ला पडला. जानेवारी २०१८ मध्ये एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एका अभिनेत्रीच्या अंगात पॅरिसच्या एका बड्या फॅशन कंपनीचा पोशाख दिसला. त्यावरची नक्षी सेन यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी राजस्थानातल्या ठसेकाम करणाऱ्या कारागिरांबरोबर केलेल्या नक्षीशी मिळतीजुळती असल्याचे ‘पीपल ट्री’ने पुढे आणले. गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली. टॉफरला पॅरिसकडून जे मिळाले नाही, ते पावणेदोनशे वर्षांनी दिल्लीच्या छोट्या दुकानाला निदान काही अंशी मिळाले. यामागे होगार्थचा कायदा आहे, बर्नचा करार आहे आणि स्वतःच्या मालाची नोंद ठेवणारे एक दुकानही आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग प्रत्येक नक्कल म्हणजे चोरी. तसे म्हणणे आम्हाला जड जाते, कारण आमच्यासमोर हंदाला उभा आहे. गॅलिलीतल्या अश-शजरा गावातून १९४८ मध्ये हाकलला गेलेला आणि लेबनॉनमधल्या ऐन अल-हिल्वे छावणीत वाढलेला नाजी अल-अली हा चित्रकार. १९६९ मध्ये कुवेतच्या वर्तमानपत्रात त्याने हंदाला हा दहा वर्षांचा अनवाणी पोर प्रथम काढला. घर सुटले तेव्हाचे चित्रकाराचे वय तेच पोराचे वय. परत घरी जाईपर्यंत तो वाढणार नाही. १९७३ नंतर हंदालाने जगाकडे पाठ फिरवली आणि हात मागे बांधले. नाजी अल-अली कोणाचाच माणूस नव्हता. इस्रायल, अमेरिका, अरब राजे आणि स्वतः पॅलेस्टिनी पुढारी, सगळ्यांना त्याने झोडपले. २२ जुलै १९८७ रोजी लंडनमध्ये, तो काम करत असलेल्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि २९ ऑगस्टला तो वारला.

त्यानंतर हंदाला छावण्यांच्या भिंतींवर, इस्रायलने उभारलेल्या भिंतीवर, गळ्यातल्या पदकांवर, किल्लीच्या साखळ्यांवर, टी-शर्टांवर सर्वत्र दिसू लागला. ही सारी चित्रे परवानगी घेऊन काढलेली नाहीत, हे उघड आहे. पण कोळशाने भिंतीवर हंदाला काढणारे छावणीतले पोर आणि हंदालाचे हजार टी-शर्ट छापून नफा खिशात घालणारा व्यापारी या दोघांना एकाच तागडीत तोलायचे का? पहिल्याने चित्रकाराचे चित्र पुढे नेले. दुसऱ्याने त्याच्या मरणावर दुकान थाटले. कायदा या दोघांमध्ये फार फरक करत नाही. माणसाने करायला हवा. नक्कल करणाऱ्याने त्या रेघेला काय दिले आणि तिच्याकडून काय घेतले, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट असते. आपल्याकडे यासाठी अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळायला आणि पुढे पोहोचवायला घेता येते, विकून खायला नाही.

आपल्या तरुण चित्रकारांना म्हणून काही गोष्टी कळायला हव्यात. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या चित्रावरही मालकाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरताच असतो. त्याचे पुस्तक, कॅलेंडर, कप काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. हक्क लिहून देताना करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षेच धरली जाते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. गोव्याचे मारियो मिरांडा २०११ मध्ये गेले, पण त्यांची चित्रे आज पुस्तकांतून, टाइल्सवर, कपांवर रीतसर विकली जातात, हे याच व्यवस्थेमुळे. सही करण्याआधी कागद वाचणे हाही रियाजाचाच भाग मानला पाहिजे.

होगार्थच्या घरी पाठवलेल्या त्या माणसांची युक्ती आज यंत्रांना शिकवली गेली आहे. लाखो चित्रकारांची चित्रे डोळ्यांखालून घातलेले संगणक आता मागाल त्या शैलीत चित्र काढून देतात. ज्यांची चित्रे पाहून ते शिकले त्यांना विचारले होते का, हा वाद अनेक देशांच्या कोर्टांत गेला आहे. १७३५ चा प्रश्न नव्या कपड्यांत परत आला आहे आणि त्याचे उत्तर देणारे नवे कायदे अजून घडत आहेत.

तोवर त्या जत्रेतल्या छोट्या टेबलाकडे आपण कसे पाहतो, हे महत्त्वाचे आहे. तेथे बसलेली मुले कलेचा बाजार मांडत नाहीत. बाजार आधीपासूनच मांडलेला होता, आणि त्यात चित्रकाराची जागा गल्ल्यापासून फार दूर होती. ती मुले आपली खुर्ची गल्ल्याजवळ ओढून घेत आहेत. पन्नास रुपयांचा बिल्ला घेताना आपण त्यांच्यावर उपकार करत नाही. पुढचे चित्र कोणालाही न विचारता काढण्याची मोकळीक त्यांच्याजवळ राहावी, यासाठी त्या चित्राची वर्गणी आगाऊ भरतो. आणि आपण छोटे अंक, वार्षिके, ईद विशेषांक काढणारी मंडळी त्यांचे चित्र घेऊ, तेव्हा चित्राखाली त्यांचे नाव छापले पाहिजे आणि कविता-कथेइतकेच मानधन त्यालाही दिले पाहिजे. अंकाची ऐपत बेताची असली, तरी यापैकी पहिल्या गोष्टीला पैसे लागत नाहीत.